पाठीमागच्यांसाठीं दिवा

ह्या सदराच्या वाचकांस ठाऊक आहेच कीं, प्रस्तुत लेखकाचा सारा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतींत गेला. रूपावली, समासचक्र आणि फार तर अमरकोश एवढीच ज्याची शिदोरी, त्यानें मोटारीच्या ब्रेकविषयीं लेखणी चालवावी हा कित्येकांस नसता उद्योग वाटेल. परंतु गेल्या आश्विनांत आमच्या घरीं असा एक प्रसंग घडला कीं, मला पोथी बाजूस ठेवून दोन दिवस एका जुन्या ट्रकच्या पोटाखालीं विजेरी धरून बसावें लागलें. आणि तेथें जें पाहिलें तें ह्या पानावर न मांडणें मला गैर वाटतें. हल्लीं घरोघरीं एक तरी वाहन असतें. ज्यांच्या घरीं ट्रक नाहीं त्यांच्या घरीं मोटार आहे, मोटार नाहीं तेथें मुलाबाळांची दुचाकी आहे. आणि ज्या दिव्याविषयीं मी लिहिणार आहें तो ह्या सर्वांसच असतो.

आमचें घर एकलहऱ्यास. नाशिक रोडहून पूर्वेकडे येऊं लागलें म्हणजे प्रथम औष्णिक विद्युत्केंद्राचीं धुराडीं दिसतात आणि गांव मागाहून दिसतें. ह्या केंद्राचा पहिला संच १९७० च्या सुमारास सुरू झाला. त्यापूर्वींचीं दोन-तीन वर्षें ह्या भागांत विटा, वाळू व खडी यांची वाहतूक रात्रंदिवस चाले. माझे थोरले बंधु, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणत असूं, त्यांनीं त्या वेळीं चालून आलेली कारकुनी नाकारली आणि कर्ज काढून एक जुना ट्रक विकत घेतला. भिक्षुकी आणि शिक्षकी ह्यांपलीकडे ज्या घराण्यानें पाऊल टाकलें नव्हतें, त्यांतील वडील मुलानें ग्रीसनें माखलेला सदरा घालून रस्तोरस्तीं हिंडावें हें आमच्या वडिलांस सोसलें नाहीं. सहा महिने त्यांनीं दादांशीं भाषण केलें नाहीं. पुढें त्याच ट्रकच्या उत्पन्नांतून दोघी बहिणींचीं लग्नें झालीं, माझें मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण झालें, गळकें माजघर शाकारलें गेलें. आणि एका खंडेनवमीस वडील आपण होऊन अंगणांत आले व त्यांनीं गाडीच्या तोंडावर अक्षता टाकल्या. बोलले कांहीं नाहींत. मी तेव्हां लहान होतों. परंतु दादांनीं मान फिरवून डोळे पुसले तें मला आजहि दिसतें.

ट्रक फार्गो जातीचा, १९४९ सालचा. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडून बाहेर पडूं लागल्या, त्यांपैकींच ही एक. गंमत अशी कीं, हाच ट्रक 'डॉज' ह्या नांवानेंहि विकला जाई आणि 'फार्गो' ह्या नांवानेंहि. मुख्य फरक तो नामपट्टिकेचा. वर्गांत पर्यायशब्द शिकवितांना कमल-पंकजाबरोबर हें उदाहरण मीं अनेकदां दिलें आहे, आणि मुलांच्या ध्यानीं तेंच अधिक राहिलें. पुणें ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजीं धांवली, हें लक्षांत घेतलें म्हणजे आमच्या गाडीचें वय वाचकांस नीट उमगेल.

केंद्राचें बांधकाम संपल्यावर दादा भाजीपाला घेऊन मुंबईस जाऊं लागले. भाजीचा घाऊक बाजार तेव्हां भायखळ्यास भरे. रात्रीं निघावयाचें, इगतपुरी मागें टाकून कसारा घाट उतरावयाचा, आणि पहांटेपूर्वीं माल पोंचवावयाचा असा क्रम. त्यांचा एक नियम होता. घाटाच्या माथ्यावर गाडी उभी करावी, क्लीनरनें खालीं उतरून गाडीच्या मागें दहा पावलांवर उभें राहावें, दादांनीं ब्रेक दाबावा आणि क्लीनरनें मोठ्यानें "लागला!" म्हणून ओरडावें. हा शब्द कानीं आल्याशिवाय त्यांनीं घाट उतरल्याचें मला स्मरत नाहीं. एकदां सुटींत मी त्यांच्याबरोबर गेलों होतों, तेव्हां विचारलें, "दादा, रोज रोज काय पाहायचें त्यांत?" ते म्हणाले, "पुढचे दिवे माझे मला दिसतात. मागचा मला कधींच दिसायचा नाहीं. ज्याला दिसतो त्यालाच विचारला पाहिजे."

दादांनीं २००४ सालीं भाड्याचा धंदा बंद केला. क्लीनर आपल्या गांवीं गेला. त्यानंतर दहा वर्षांनीं दादाहि गेले. गाडी मात्र राहिली. दादांचा मुलगा, माझा पुतण्या, ती अगत्यानें सांभाळतो. शेतांतील कांदा चाळींत आणून टाकण्याच्या दिवसांत ती चार-आठ खेपा करते आणि खंडेनवमीस धुऊन-पुसून पूजेला उभी राहते. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांपुढील वाहनांसाठीं निराळी नोंदणी व निराळी अक्षरें देण्याची योजना काढली, तेव्हां पुतण्यास फार हर्ष झाला होता. पण नियम वाचून पाहतों तों ती सवलत दुचाक्या आणि प्रवासी मोटारी यांच्यापुरती. श्रीमंतांनीं हौसेनें फिरविलेली मोटार वारसा ठरते आणि ज्यावर एक घर उभें राहिलें तो ट्रक ठरत नाहीं, ह्यांतील न्याय मला तरी उमगला नाहीं. असो.

आतां मूळ प्रसंगाकडे येतों. आश्विनांतील एका सायंकाळीं पुतण्या शेतावरून परत येत होता. माझा आठ वर्षांचा नातू त्याच्या शेजारीं बसला होता. दिवेलागणीची वेळ, उजेड धड नाहीं आणि अंधारहि धड नाहीं. समोर म्हशी आडव्या आल्या म्हणून पुतण्यानें गाडी थांबविली, तीहि कांहीं एकाएकीं नव्हे. मागून शेजारच्या घरची सूनबाई आपल्या मुलास शिकवणीहून घेऊन दुचाकीवर येत होती. ट्रक थांबला आहे हें तिला अगदीं जवळ येईतों कळलें नाहीं. तिनें हिसका देऊन दुचाकी बाजूस घेतली, ती घसरली, आणि मायलेंकरें दोघेंहि खडींत पडलीं. तिचें मनगट मुरगळलें. मुलाच्या गुडघ्यास तीन टांके पडले. ईश्वरकृपेनें एवढ्यावरच निभावलें. ट्रकच्या मागची लोखंडी फळी बरोबर तिच्या मस्तकाच्या उंचीवर येते, हें मीं दुसऱ्या दिवशीं मोजून पाहिलें.

त्या रात्रीं आमच्या ओसरीवर पुष्कळ बोलणें झालें. पुतण्याचें म्हणणें असें कीं, मागच्यानें अंतर ठेवून चालावें हा सर्वमान्य नियम आहे आणि आपण तर हळू थांबलों. माझे धाकटे बंधु, ज्यांस ही गाडी अंगणांतून जावी असें बरीच वर्षें वाटतें, ते म्हणाले, "भंगारवाला वजनावर चांगले पैसे देतो. कोणाचा जीव घेईपर्यंत ठेवायची आहे का?" वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, आंतल्या उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. मला मात्र सूनबाईचें एकच वाक्य टोंचत होतें. दवाखान्यांत मीं विचारपूस केली तेव्हां ती सहज म्हणाली होती, "गुरुजी, तुमची गाडी थांबली हें कळलंच नाहीं हो." तिनें दोष दिला नाहीं, म्हणूनच तें अधिक लागलें.

आम्ही विजेरी घेऊन अंगणांत गेलों. पुतण्यानें दिवे लावले. मागचे दोन्हीं तांबडे दिवे मंदपणें पेटले. "हे बघा काका, लागताहेत," तो म्हणाला. येथेंच बहुतेकांची फसगत होते. मागच्या एकाच बल्बांत दोन तंतु असतात. एक बारीक, रात्रभर मिणमिणणारा. दुसरा जाड, ब्रेक दाबतांच प्रखर होणारा. बल्बाच्या बुडाशीं असलेल्या दोन खिळ्या मुद्दाम कमी-अधिक उंचीवर केलेल्या असतात, त्या एवढ्याचसाठीं कीं बल्ब उलटा बसूं नये आणि तंतूंची अदलाबदल होऊं नये. म्हणजे मिणमिणता तंतु जळत आहे ह्यावरून प्रखर तंतूविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. पुतण्यानें पेडल दाबलें. मी मागें उभा होतों. दिवे होते तसेच मंद राहिले. किती दिवसांपासून ते असे होते हें सांगावयास घरांत कोणीहि समर्थ नव्हतें, कारण क्लीनर गेल्यापासून गाडीच्या मागें मुद्दाम उभें राहून कोणीं पाहिलेंच नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं दादांच्या वेळचे मिस्त्री आले. वय सत्तरीपुढें, दृष्टि अधू झाली आहे, पण बोटांस सर्व दिसतें. त्यांनीं प्रथम बल्ब काढून पाहिले; दोन्हीं धड. मग ते गाडीखालीं शिरले आणि ब्रेकच्या स्विचावरील दोन्हीं तारा काढून त्यांचीं टोकें एकमेकांस टेकविलीं. मागचे दिवे एकदम भगभगले. परीक्षा एवढीच. तारा टेकविल्यावर दिवा लागला तर तार, बल्ब, बॅटरी हीं सर्व निर्दोष आणि दोष स्विचाचा. न लागला तर शोध अन्यत्र. अन्वय-व्यतिरेकाचें इतकें स्वच्छ उदाहरण मला तर्कसंग्रह शिकवितांनाहि सुचलें नव्हतें.

हा स्विच पेडलपाशीं नसतो, हें मला त्या दिवशीं कळलें. ह्या जुन्या गाड्यांत तो ब्रेकच्या तेलाच्या मार्गांतच आटे फिरवून बसविलेला असतो. पेडल दाबलें कीं गाडीच्या तळाशीं असलेल्या मास्टर सिलिंडरमधील द्रवावर दाब येतो. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हें तत्त्व फ्रान्समधील पास्कल ह्या पंडितानें सतराव्या शतकांत सांगितलें; त्याच न्यायानें हा दाब नळ्यांवाटे चारी चाकांपर्यंत जातो. क्रायस्लर कंपनीनें १९२४ सालच्या आपल्या पहिल्याच मोटारीस असे ब्रेक दिले होते. त्याच द्रवाचा दाब वाटेंत स्विचामधील लवचिक पडद्यासहि ढकलतो, पडद्यापाठची पितळी चकती दोन टोकांस भिडते आणि मागें दिवा लागतो. पाय उचलला कीं स्प्रिंग चकतीस परत लोटते. चालकानें दिव्यासाठीं निराळें कांहीं करावयाचें नाहीं.

चकती जळते कां, ह्याचेंहि उत्तर मिस्त्रींनीं दिलें आणि मीं तें पाटीवर मांडून पाहिलें. आमची गाडी सहा व्होल्टची. एकवीस वॅटचे दोन बल्ब म्हणजे बेचाळीस वॅट. त्यांस सहानें भागलें तर सात अँपिअर प्रवाह त्या एवढ्याशा चकतींतून जातो. बारा व्होल्टच्या गाडींत तेंच काम साडेतीन अँपिअरमध्यें होतें. दर वेळीं ठिणगी उडते, चकतीवर काजळी धरते, आणि एके दिवशीं दाब पोंचूनहि वीज पोंचत नाहीं.

इतकें झाल्यावर पुतण्या म्हणाला, "म्हणजे दिव्याचंच किरकोळ काम आहे." मिस्त्रींनीं उत्तर न देतां स्विचावरून बोट फिरवून तें त्याच्यापुढें धरलें. बोट ओलें होतें. मग त्यांनीं तळाच्या फळीवरील झांकण उघडून मास्टर सिलिंडरमध्यें पाहावयास सांगितलें. द्रव दोन बोटें उतरला होता. स्विचाचा पडदा नुसता निकामी झाला नव्हता. त्यांतून ब्रेकचा द्रव पाझरूं लागला होता. हल्लींच्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, एक फुटला तरी दुसरा कांहीं अंशीं काम देतो. ह्या गाडींत मार्ग एकच. तो पडदा पुरता फाटला असता तर चारी चाकांचा ब्रेक एकाच क्षणीं गेला असता. आणि नातू पुढच्या बांकावर बसला होता! पुतण्या कांहीं बोलला नाहीं. पायरीवर बराच वेळ बसून राहिला, आणि मग उठून एकटाच शेजारीं गेला. मीहि मागोमाग गेलों. त्यानें सूनबाईची क्षमा मागितली आणि दवाखान्याचा खर्च पुढें ठेवला. ती घेईना, तिच्या सासऱ्यांनीं मात्र घेतला, आणि तें योग्यच झालें असें माझें मत आहे. खर्च घेतला नसता तर दोन्हीं घरांत अवघडलेपण राहिलें असतें.

नवा स्विच मिळविण्यास चार दिवस गेले. नाशकांतील एका दुकानांतून आणलेला दिसावयास हुबेहूब. पण मिस्त्रींनीं तो हातानें फिरविला आणि दीड वेढ्यावर अडतांच काढून परत दिला. जुना आटा अष्टमांश इंची, निमुळत्या नळीचा. नवा मिलिमीटरच्या मापाचा. पान्यानें जोर केला असता तर बसलाहि असता, आणि आटे कापून कायमचा गळत राहिला असता. शेवटीं पुतण्याच्या स्नेह्यानें योग्य तो स्विच पाठविला, तो कुर्ल्याहून. तेथें मोटारी बनविणें केव्हांच बंद झालें आहे. जुन्या सुट्या भागांच्या दुकानीं तो मिळाला. किंमत साडेचारशें रुपये.

बसविण्याची कृति ऐकावयास सोपी आहे. प्रथम बॅटरीची तार काढली. ह्या गाडीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असतें, हल्लींच्या रीतीच्या नेमकें उलट. तेव्हां तारा परत जोडतांना चूक होऊं नये म्हणून मीं टोंकांवर खडूनें खुणा केल्या. खडूचा एवढा तरी उपयोग! मग स्विचाभोंवतालची माती कुंच्यानें पूर्ण झाडली, कारण एक कण आंत गेला तरी तो सिलिंडरच्या रबरास ओरखडतो. नवा स्विच हाताशीं ठेवून जुना काढला आणि तेल फार वाहण्यापूर्वीं नवा लावला. आट्यांवर ताग किंवा फीत गुंडाळूं दिली नाहीं. तिचे तुकडे सुटून मार्गांत अडकतात, आणि निमुळता आटा आपोआपच घट्ट होत जातो. घट्ट किती करावें हें पुस्तकांत सांगतां येत नाहीं. मिस्त्रींनीं पान्याचा दांडा अर्ध्यांतच धरला होता, तो सबंध लांबीनें धरला नव्हता. एवढें मीं पाहिलें.

हें द्रव्य आपण तेल म्हणतों खरें. हल्लीं गाड्यांत सर्रास वापरतात तें ग्लायकॉल जातीचें रसायन असतें. आरंभींच्या काळांत मात्र ह्या कामीं एरंडेल आणि मद्यार्क यांचें मिश्रण वापरीत, हें ऐकून वहिनींस फार मौज वाटली. त्यांच्या हातचें एरंडेल आमच्या घरांत कोणास चुकलेलें नाहीं. एंजिनाचें तेल ह्यांत चुकूनहि ओतूं नये. त्यानें आंतील रबर फुगून ब्रेक निकामी होतो. तसेंच हें द्रव्य हवेंतील दमट ओढून घेतें, आणि असें पाणी धरलेलें द्रव्य घाटांतील सततच्या ब्रेकानें तापून उकळतें व पेडल पोकळ पडतें. म्हणून वर्षापूर्वीं फोडलेली अर्धी बाटली फेंकून द्यावी. आमच्या शिंक्यावर अशी एक निघाली. रंगावर सांडल्यास रंग उकलतो. लगेच पाण्यानें धुवावें.

स्विच बदलतांना मार्गांत हवा शिरतेच. द्रव दाबला जात नाहीं, हवा दाबली जाते. त्यामुळें पेडल भिजलेल्या उशीसारखें लागतें. ती हवा काढावयास दोन माणसें लागतात. मास्टर सिलिंडर उजव्या अंगास, म्हणून सर्वांत दूरचें चाक म्हणजे मागील डावें. तेथून आरंभ केला. पुतण्या पेडलवर, मिस्त्री चाकापाशीं, आणि मी द्रव्याची बाटली घेऊन झांकणापाशीं. "दाब. धर." मिस्त्री चाकामागील बारीक पेंच सैल करीत, रबरी नळींतून बुडबुडे बाटलींत येत, पेंच आवळला जाई. "सोड." दाब, धर, सोड, सकाळभर अंगणांत आज्ञार्थाशिवाय दुसरें क्रियापद ऐकूं आलें नाहीं. मधून मधून सिलिंडरमध्यें द्रव्य भरीत राहणें हें माझें काम. तो कोरडा पडला तर सारा खटाटोप पुन्हां पहिल्यापासून. चौथें चाक झालें तेव्हां पेडल अर्ध्या वाटेवर येऊन दगडासारखें थांबलें. रात्रीं स्विचाखालीं जुन्या वर्तमानपत्राचें पान पसरून ठेवलें. सकाळीं तें कोरडें होतें.

एक वाद मात्र राहिला होता. पुतण्याचें म्हणणें, स्विचाचें तें भोंक पितळी बुचानें कायमचें बंद करावें आणि हल्लींच्या गाड्यांसारखा पेडलवर चालणारा साधा स्विच लावावा. गळण्याची एक जागाच नाहींशी होईल. माझें मन दादांच्या वस्तूंत हात घालूं नये असें म्हणत होतें, आणि तें मीं वहिनींचें नांव पुढें करून बोलूनहि दाखविलें. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना गाडी प्रिय होती, तिच्यातलं बटण नव्हे. सोय कशात आहे ते करा." त्यावर मिस्त्रींनीं तिसरा मार्ग काढला. जुना स्विच जेथल्या तेथें, आणि पेडलवर दुसरा. दोहोंच्या तारा अशा जोडलेल्या कीं दोहोंपैकीं एकानेंहि दिवा लागावा. द्रवाच्या स्विचांत एक उणीव आहे. पाय हलकेच ठेवला तर पुरेसा दाब येईपर्यंत दिवा लागत नाहीं, आणि हळू थांबणारा सभ्य चालकच मागच्यांस उशिरां कळतो. त्या सायंकाळीं पुतण्या हळू थांबला हें खरेंच होतें! पेडलवरचा स्विच पाय टेकतांच पेटतो; त्याची स्प्रिंग तुटली तर जुना आहेच.

हें सर्व एवढ्या लहान दिव्यासाठीं कां, असें कोणी विचारील. ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें जाणारी दुचाकी एका सेकंदांत अकरा मीटर जाते. मागच्यास एक सेकंद उशिरां कळलें तर तेवढी जागा गेली. सॅन फ्रान्सिस्को येथें जॉन व्होएवोडस्की ह्या मानसशास्त्रज्ञानें ३४३ टॅक्सींच्या मागें मध्यभागीं एक जास्तीचा इशारा-दिवा लावून प्रयोग केला. त्याचें फल १९७४ सालीं प्रसिद्ध झालें. तुलनेसाठीं १६० टॅक्सी तशाच ठेवल्या होत्या. दहा महिन्यांच्या हिशेबांत दिवेवाल्या टॅक्सींवर मागून आदळण्याचें प्रमाण सुमारें साठ टक्क्यांनीं कमी भरलें. पुढें १९८६ पासून अमेरिकेंतील नव्या प्रवासी मोटारींस असा तिसरा दिवा सक्तीचा झाला. आमच्याकडे ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्याची चाल होती. २०१५ सालीं महाराष्ट्रांत त्यास बंदी झाली, आणि दादांनीं स्वहस्तें काढलेलीं तीं पिवळीं अक्षरें पुतण्यानें पुसलीं. मागच्यास सांगावयाचें तें आतां त्या दिव्यानेंच सांगावयाचें.

त्यास मराठींत काय म्हणावें, हाहि विचार मीं केला. 'गतिरोधक-दीप' म्हणावें तर गतिरोधक हा शब्द रस्त्यावरील उंचवट्यानें अगोदरच बळकावला आहे. नातवानें 'थांबदिवा' म्हटलें, आणि आमच्या घरांत तोच रूढ झाला.

ज्यांच्यापाशीं मागें उभें राहावयास कोणी नाहीं त्यांनीं सायंकाळीं गाडीची पाठ भिंतीकडे करून पाय ब्रेकवर ठेवावा. भिंतीवरची तांबडी झांक आरशांत दिसते. दोन्हीं बाजू निरनिराळ्या पाहाव्या. उलट बाजूचा दोषहि असतो: स्विच अडकून दिवा सतत पेटलेला राहतो. तो अधिक फसवा, कारण दिवा आहे असें समाधान राहतें आणि मागच्यास तर थांबणें व चालणें सारखेंच दिसतें.

खंडेनवमीस गाडी धुऊन अंगणांत उभी केली. पूजा झाली. धाकट्या बंधूंनींच हार घातला. भंगारवाल्याचा विषय निदान ह्या वर्षापुरता निघाला नाहीं. दिवेलागणीस पुतण्या चालकाच्या जागीं बसला आणि नातू मागें धांवणार इतक्यांत वहिनी पायऱ्या उतरून आल्या. चाळीस वर्षें ही गाडी त्यांच्या दारांत आहे; पण तिच्यामागें अशा त्या कधीं उभ्या राहिल्या नव्हत्या. पदर सावरून दहा पावलें मोजून त्या थांबल्या. पुतण्यानें पेडल दाबलें.

"लागला," त्या म्हणाल्या, आणि क्षणभरानें, "डावा जरा मंद वाटतो."

मिस्त्रींनीं दुसऱ्या दिवशीं डाव्या होल्डरचा गंज काचकागदानें घासून काढला.